म्हातारी पोचली का?

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात रशियन तज्ज्ञ येत, म्हणून मी पुण्याला जाऊन रशियन शिकलो. तेवढ्या भांडवलावर कामगारांच्या फिल्म मंडळाचा चिटणीस झालो आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका युक्रेनी दिग्दर्शकाच्या दिमतीला लागलो.

माणूस तिशीतला, खाणकामगाराचा मुलगा, स्वतः पाच वर्षं लेथवर काढलेली. त्याचा पहिलाच चित्रपट: एक म्हातारी खाणीवर गेलेल्या मुलाला शोधत बर्फातून चालते, एवढंच. कामगारांना हा कळणार नाही, असा तिकडच्या वरच्या साहेबांनी शेरा मारला होता. त्याच्यासोबत तिकडून आलेला अधिकारी आमच्याकडचा खेळ बघून अहवाल देणार होता आणि पुढचा चित्रपट द्यायचा की नाही, ते त्यावर ठरणार होतं. "लोक शेवटपर्यंत बसले पाहिजेत," दिग्दर्शक मला जिन्यात म्हणाला. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

पहिली पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये खेळ. कंपनीच्या बस दोन तास थांबवून घेतल्या होत्या, चित्रपट दीड तासाचा. पण पाहुणा आला आणि सत्कार नाही, असं आपल्यात कुठं असतं? शाल, नारळ, मग युनियनवाले बोलले, कॅन्टीन कमिटी बोलली. शेवटी मी. पाठ केलेलं रशियन भाषण, चांगली वीस मिनिटं. सांगायला लाज वाटते, पण टाळ्या पडल्यावर मी ते आणखी लांबवलं.

म्हातारी अर्ध्या वाटेवर असताना बाहेर हॉर्न वाजले. देहूरोडची, निगडीची माणसं डबे उचलून उठली. मी धावत जाऊन ड्रायव्हरच्या विनवण्या केल्या.

"न्हाई जमत राव. दोन तास म्हंजी दोन तास."

बसच्या खिडकीतून आमच्या खात्यातला एक फिटर ओरडला, "ती म्हातारी पोचती का न्हाई, उद्या सांगा बरं का!"

परत आलो तर दिवे लागलेले. अधिकाऱ्यानं यंत्र बंद करायला लावलं होतं. रिकाम्या बाकांमध्ये ते दोघंच. मी बसचं सांगितलं, भाषणांचं सांगितलं. अधिकारी मान हलवत वहीत लिहीत राहिला. दिग्दर्शक शालीची घडी घालत होता.

"तुम्हीसुद्धा उठून गेलात," तो म्हणाला.

त्याला पुन्हा चित्रपट मिळाला नाही. तो परत लेथवर गेल्याचं वर्षभरानं एका तज्ज्ञाकडून कळलं. त्या दिवशी माझी भाषणाची हौस कायमची मेली, पण त्याचा त्याला काय उपयोग?

शेवट मीही पाहिला नव्हता, पण फिटरला मात्र मी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं, म्हातारी पोचली.

"बरं झालं," तो म्हणाला. "रातभर जिवाला घोर लागला हुता."