म्हात्रेचा हात तळोज्यालाच घसरतो

किस्से जमवायला कुणी बसत नाही. टेबलावर चहाचे कप साचतात तसे ते आपोआप साचतात. आमचं ऑफिस वाशीला. लोकांचे राउटर आम्ही इथे बसून एका ओळीच्या कमांडने चालू-बंद करतो. ओळ चुकली की चहाला आठवडाभर विषय पुरतो!

*

कदम सर आमचे टीम लीड, साताऱ्याचे. नव्या लोकांना शिकवत होते. "ज्या लाइनीवरून आपण राउटरमध्ये शिरलो, ती लाइन बंद करायची नाही. आपण बसलोय तीच फांदी तोडायची नाही. बघा, असं!"

आणि एंटर दाबलं.

स्क्रीन सरावाच्या राउटरची नव्हती. तळोज्याच्या एका फॅक्टरीची होती! आता इथून आत जायची सोय नाही. नियम सरांचाच: जो बंद पाडेल, त्यानं स्वतः जाऊन चालू करायचा. सर भर उन्हात रिक्षाने निघाले.

जाताना म्हणाले, "समजलं ना सगळ्यांना?"

*

जोखमीचं काम असलं की आम्ही राउटरला आधीच सांगून ठेवतो, थोड्या वेळाने तू आपला आपण रिस्टार्ट हो. आपण बाहेर अडकलो तरी तो जुन्या सेटिंगवर परत येतो. काम नीट झालं की तो रिस्टार्ट रद्द करायचा.

आमची दीपा रद्द करायलाच विसरली. फोनवर कस्टमरला सांगत होती, "आता बघा साहेब, कसं पळतंय!" तेवढ्यात सगळं ठप्प.

दीपा शांतपणे म्हणाली, "हे टेस्टिंग होतं."

"पास झालो का आम्ही?" कस्टमरने विचारलं.

*

एकाचं नेट बंद होतं. कदम सर त्याला म्हणाले, "तशी मेल टाका, मग बघतो."

"कबुतर चालेल का, साहेब?"

*

आणि आमचा नीलेश म्हात्रे, इथल्याच दिवाळे गावचा. कमांडमध्ये एक नंबर! बाकी कुठे चुकायचा नाही, पण तळोज्याच्या त्या फॅक्टरीचा राउटर आला की याचा हात घसरलाच. मग इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी तळोज्याला. एकदा तर डब्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घेऊन निघाला.

"सोडे कुणाला रे?"

"राउटरला!"

राउटर सांभाळायला तिथे सायली नावाची मुलगी होती, हे आम्हाला उशिरा कळलं. कदम सर मात्र तापले. "आता एकदा जरी तळोजा बंद पाडलास, तर ती साइट काढून घेईन!"

नीलेशचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अरे, तिचा नंबर माग."

"कामाच्या ठिकानी बाईमानसाकडं नंबर कसा मागू? तिच्या मनात काय हाय, मला काय ठाव?"

खरं सांगतो, मला त्याचं फार वाईट वाटलं. त्यानंतर त्याचा हात एकदाही घसरला नाही. राउटर ठणठणीत आणि नीलेश आजारी!

*

मग एका दुपारी तळोजा बंद पडलं.

सगळ्यांनी नीलेशकडे पाहिलं. तो नुकता हात धुऊन आला होता. ओले हात वर करून म्हणाला, "आईशपथ, मी नाय!"

तेवढ्यात सायलीचाच फोन आला. कदम सरांनी स्पीकरवर टाकला.

"सर, राउटर बंद आहे. माणूस पाठवा. नेहमीचे येतात, तेच."

"माणूस कशाला, मॅडम? इथून रिस्टार्ट मारतो, दोन मिनिटं द्या."

"तिथून नाही होणार, सर."

"का नाही होणार?"

"प्लग माझ्या हातात आहे!"