भाजीच्या यादीची राखण

सर्व्हरच्या खोलीत किस्से धुळीसारखे साचतात. पुसायला जावं तर बोटालाच चिकटून येतात.

दोन हजारच्या दशकात नालवाडीतल्या एका खोलीत मी आणि माझा मित्र प्रशांत, आम्ही दोघांनी लिनक्सचा कॉम्प्युटर मांडला होता. उद्या कोण किती भाजी आणणार, हे शेतकरी फोनवर कळवत आणि कुठल्या बाजारात काय न्यावं, ते आम्ही सांगत असू. ही यादी व्यापाऱ्यांच्या हाती लागली, तर भाव आदल्या दिवशीच पडणार!

त्याच कॉम्प्युटरवर इंटरनेटवर बाजारभाव दाखवणारा एक प्रोग्राम मागे गुपचूप दिवसभर चालायचा. कुणी त्यात शिरलंच, तरी यादीपर्यंत पोचू नये म्हणून मी सिस्टमलाच नियम लिहून दिले: यानं फक्त भावांची फाइल वाचायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरच्या मालकानं, म्हणजे आम्ही सांगितलं तरी नाही!

हिंगणीचे वासुदेवकाका वांगी पिकवायचे. त्यांना हे समजावलं.

"म्हंजे शेळीले दावं बांधलं म्हन ना!"

"हो काका!"

"दोर किती लांब?"

त्या प्रश्नावर मी दोन महिने घालवले.

नियम लावले त्या पहिल्या दिवशी प्रोग्राम उठेचना; त्याच्या गरजेच्या फायलीही नियमांनी अडवल्या होत्या. लोकांना कालचेच भाव दिसत राहिले.

"काऊन बे, नियमच बंद करून टाक ना!" प्रशांत ओरडला.

"मंग घराले कुलूप कायले लावतं?"

"माह्या घराचं कुलूप मले तरी आत जाऊ देते!"

मग आम्ही नियम सैल केले: अडवायचं नाही, प्रोग्राम कशाकशाला हात लावतो ते फक्त टिपून ठेवायचं. आठवडाभर जे टिपलं गेलं, त्या सगळ्याला मी परवानग्या लिहून दिल्या. खिडकीतून कापसाचे तंतू तरंगत येत होते, पंखा घुमत होता आणि मला वाटत होतं, असंच एकेक दार नीट बसवत गेलं तर अख्खा जिल्हा निर्धास्त होईल.

परवानग्या वाचून पाहिल्या, तर त्यात गाण्यांच्या फोल्डरचीही परवानगी! भाव बदलला की गाणं वाजावं, असं प्रशांतनं त्याच आठवड्यात प्रोग्रामला शिकवलं होतं.

"त्यालेबी करमत नाई ना बे!" प्रशांत म्हणाला.

ती परवानगी काढून मी नियम पुन्हा कडक केले. आणि एका दुपारी खरंच कुणीतरी बाहेरून प्रोग्रामात शिरलं. यादी मागितली. नकार. दुसऱ्या वाटेनं मागितली. पुन्हा नकार. मी ती नोंद छापून काकांपुढे ठेवली. तीन पानं भरली होती.

"हे काय व्हय?"

"त्यानं तुमची यादी मागितली काका. एकेका ओळीत एकेकदा. अन् दरवेळी आपल्या मशीननं नाई म्हटलं!"

काकांनी बोट ठेवत तिन्ही पानांवरच्या ओळी सावकाश मोजल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"बापू, या मशीनच्या जागी तू असता, तर कितव्या ओळीवर यादी देली असती?"