परत दिलं म्हणू नका

यमीमाचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "चहा मागितला. कडक नाय झाला म्हणून मला बोलली. कप खाली ठेवला आणि गेली." मला रडू यायच्या आधी हसू आलं, आणि त्या हसण्याचीच नंतर दिवसभर मदत झाली. एस्तेरताई घुले जाताना तक्रार नोंदवून गेली होती, आणि ती तिला शोभत होती. त्याला आता पाचेक आठवडे होतील. माणसं अजून भेटतात आणि म्हणतात, किती सोसलं हो बाईंनी, पण किती शांत होत्या. मला तेवढंच खोडून काढायचं आहे. ती शांत नव्हती. चाळीस-पन्नास वर्षं मी तिला जवळून पाहिलं, आणि त्यातला एक दिवसही ती शांत नव्हती.

आम्ही औरंगाबादच्या एकाच शाळेत शिकवायचो, मी मराठी आणि ती गणित. शहराच्या छावणी भागातून ती सायकलवर यायची, पदर कमरेला खोचून. तिचे वडील सोयगावकडच्या एका खेड्यात मास्तर होते, पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, बिऱ्हाड घेऊन छावणीत आले. त्याआधी तिच्या दोन-तीन इयत्ता उर्दूत झालेल्या, मग शाळा मराठी झाली. पण पाढे जिभेवर बसले ते उर्दूतच. फळ्यावर हिशेब करताना ती मनाशी उर्दूत पुटपुटायची आणि उत्तर मराठीत सांगायची. मुलींना त्याची गंमत वाटायची. मला मात्र पहिल्यांदा आवडलं ते तिचं न पटलेलं न पटलं म्हणून सांगणं. हेडमास्तरीणबाईंसमोरसुद्धा ती म्हणायची, "मला हे समजलं, पण पटलं नाय." या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मी तिच्याकडून शिकले.

दानीएल आणि नाथान हे तिचे दोन मुलगे. मोठा अबोल, धाकटा सारखा बडबडणारा. तिचे यजमान योहानभाऊ दवाखान्यात कंपाउंडर होते. सासऱ्यांचं घर खेड्यात, सोयगावच्याच बाजूला, आणि दरवर्षी पोळ्याला पोरं हट्ट धरून तिकडं जायची. सण आपला नाही म्हणून चर्चमधल्या एकदोघांनी नाक मुरडलं, तर ती म्हणाली की बैल काय बाप्तिस्मा घेतलेले आहेत का, शेत तर तेच नांगरतात. त्या वर्षी पोळ्याच्या आधी झड लागली होती. घर माळवदाचं, म्हणजे लाकडी सरांवर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छत. मातीनं पाणी पीत पीत आठवडा काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं जेवून आतल्या खोलीत झोपली. आजोबा बैलांना चारा टाकायला गोठ्यात गेले, तेवढ्यात माळवद खाली आलं.

मी शाळेतल्या दोघींबरोबर तिथं पोचले तेव्हा दोन्ही पोरांना पुरून झालं होतं. ती ओट्यावर बसलेली दिसेल असं वाटलं होतं, पण ती पडलेल्या खोलीत होती, ढिगाऱ्यावर उभी. मोडलेल्या तुळईचं एक टोक वर आलेलं होतं. तिनं त्यात बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं... वाळवीनं आतून सगळं पोखरलेलं. ती वळून आमच्याकडं बघून म्हणाली, "हे बघा. हे लाकूड कुजलं होतं." तेव्हा मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. फार उशिरा कळलं की त्या क्षणी तिनं एक गोष्ट ठरवून टाकली होती, आणि पुढं आयुष्यभर तिच्यावरून ती हलली नाही.

भेटायला येणारे येतच राहिले. तिच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले, त्यांच्याबरोबर चर्चच्या पंचांमधले मनोहर मास्तर. मास्तर भला माणूस, बायबल तोंडपाठ, पण पाठ असलेलं वेळीअवेळी बाहेर काढायची खोड. त्यांनी तिला ईयोबाची गोष्ट सांगितली. म्हणाले, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो, धीर धरलास तर दुप्पट परत देईल. कुणी कुजबुजलं, नोकरी करणाऱ्या आईची पोरं अशीच जातात. आमच्या घरी सासूबाई म्हणाल्या, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. मी हे तिला सांगायला नको होतं, पण तिनं खोदून विचारलं. ऐकून म्हणाली, "नलू, तुमचे लोक आणि आमचे लोक बाकी कशात नसतील, पण यात सख्खे भाऊ आहेत."

त्यानंतर ती मधल्या सुट्टीत बायबल उघडून बसू लागली. भक्तीनं नव्हे; एखादं प्रमेय चुकीचं छापलंय असा संशय आल्यावर बसावं तशी. ती वाचायची आणि मला सांगायची, म्हणून मला ती गोष्ट ठाऊक. ईयोब हा सरळ माणूस, गुरंढोरं, दहा लेकरं, सगळं भरलेलं. वर देवाच्या दरबारात सैतान म्हणतो, सुखात आहे म्हणून हा तुला भजतो, काढून घे आणि बघ. देव म्हणतो, बघ. एका दिवसात गुरं गेली. वाऱ्यानं घर कोसळून दहाही लेकरं त्याखाली गेली. मग अंगभर फोड आले. बायको म्हणाली, देवाला शिव्या दे आणि मर. तीन मित्र आले आणि सांगत बसले की तू काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर. ईयोब कबूल होईना. उलट देवालाच म्हणाला, समोर ये आणि कारण सांग. शेवटी देव वादळातून बोलला, कारण काही सांगितलं नाही. पण मित्रांना मात्र म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, हा बोलला.

"हे बघ," एस्तेरताई बोटानं ओळ दाबून म्हणायची, "देवाची बाजू घेणाऱ्यांना देव खोटं ठरवतो. आणि चर्चमध्ये सांगतात काय, तर ईयोबासारखं गप सोसा. हा माणूस तीसेक अध्याय भांडतोय. गप कुठं बसला?"

तीन-चार वर्षांनी तिला मुलगी झाली. चाळिशीला टेकलेली ती, डॉक्टरही घाबरलेले. पण सगळं नीट पार पडलं आणि छावणीत आनंद झाला. उपकारस्तुतीच्या उपासनेला मीही गेले होते, मागच्या बाकावर. मनोहर मास्तरांनी प्रार्थना केली की प्रभू, तू आमच्या भगिनीचं हरवलेलं तिला परत दिलंस. मग तिला साक्ष द्यायला पुढं बोलावलं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं. ती बाळाला घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आभार मानेल आणि खाली बसेल.

"परत दिलं म्हणू नका," ती म्हणाली. "ही नवीन आली आहे. हिच्यासाठी मी देवाचे आभार मानते. पण माझे दोघं परत आलेले नाहीत. ईयोबाची मेंढरं दुप्पट झाली, उंट दुप्पट झाले. लेकरं दुप्पट झाली का? नाय. पहिल्यांदा दहा होती, नंतर दहाच. मेंढरांची भरपाई होते, लेकरांची होत नाय, हे लिहिणाऱ्याला कळत होतं. आणि ती दुसरी दहा लेकरं कुणी वागवली पोटात? त्याच्या ज्या बायकोला तुम्ही दरवर्षी व्यासपीठावरून मूर्ख म्हणता, तिनंच ना? तिची पण दहाच्या दहा गेली होती."

बाळाचं नाव विचारलं तेव्हा तिनं यमीमा सांगितलं. ईयोबाला नंतर झालेल्या थोरल्या लेकीचं. तिनं मला नंतर कारण सांगितलं होतं. त्या गोष्टीच्या शेवटी मुलांची नावं नाहीत, मुलींची आहेत. आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वाटा दिला असं लिहिलंय. "एवढं सोसून त्या माणसाला लेकी दिसायला लागल्या," ती म्हणाली. "त्याला काय मिळालं म्हणशील तर हे मिळालं. बाकी गुरंढोरं."

पंचांची बैठक झाली. रविवारच्या शाळेत ती मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची, तो वर्ग काढून घेतला. मंडळीपुढं चूक कबूल करावी, मग बघू, असा निरोप आला. योहानभाऊ हळव्या मनाचे. ते म्हणाले की दोन शब्द बोलून टाक, वाद मिटेल, नाहीतर दुसऱ्या चर्चला जाऊ. मीही तेच सुचवलं. ती दोन्हीला तयार नव्हती. "कबूल करणार नाय आणि जाणार पण नाय. ईयोबानं तरी दुसरं काय केलं?" आणि खरंच, ती दर रविवारी इस्त्रीची पांढरी साडी नेसून, पोरीला कडेवर घेऊन तिथं जायची आणि सगळ्यांना दिसेल अशी पुढं बसायची. गाणी मोठ्यानं म्हणायची. उपदेशात ईयोब आला की मान वर करून पाळकसाहेबांकडं बघत राहायची. पाळक बदलले, नवे आले, त्यांनाही आल्या आल्या सावध केलं जायचं. यमीमा चालू लागली, शाळेत जाऊ लागली, तरी तो वर्ग तिला मिळाला नाही.

मग मनोहर मास्तरांचा मुलगा गेला. जालन्याहून मोटारसायकलवर येत होता, करमाडच्या अलीकडं ट्रकनं उडवलं. एकुलता एक, लग्न ठरलेलं. मास्तरांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, कुणालाच जवळ येऊ दिलं नाही; फक्त म्हणाल्या, एस्तेरला बोलवा. मला वाटलं ती जाणार नाही. ती चपला घालून निघालीसुद्धा होती. मी सोबत गेले. तिनं रत्नाबाईंच्या शेजारी जमिनीवर बैठक मारली आणि काही म्हणजे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही शाळा सुटल्यावर थेट तिथंच. ईयोबाच्या त्या तीन मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली, असं ती म्हणायची... सुरुवातीला सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि गप्प राहिले. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. कुणीतरी बाई आत येऊन देवाच्या योजनेबद्दल बोलू लागल्या. एस्तेरताई उठून दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बसायचं असंल तर गप बसा. नायतर उद्या या."

मास्तर भिंतीला टेकून बसले होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले.

"बाई, माझं काय चुकलं असंल?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला मी बोललो, त्याचं तर नसंल?"

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. तिच्या मनात आलं असतं तर त्या क्षणी तिला सगळं वसूल करता आलं असतं. "नाय मास्तर," ती म्हणाली. "ट्रकवाल्याला झोप लागली होती. तुमचं काय पण चुकलं नाय. देवाला यात ओढू नका आणि स्वतःलाही ओढू नका."

मास्तर तेव्हा रडले. त्याआधी ते रडलेच नव्हते म्हणे, पंचाला शोभत नाही म्हणून. काही महिन्यांनी ते उपासनेत उभे राहिले आणि म्हणाले की एस्तेरबाईंनी माझ्यासाठी प्रार्थना करावी. ती उभी राहिली. प्रार्थनेआधी तिनं तेवढ्यातही एक वाक्य बोलून घेतलं, की मी प्रार्थना करते, पण त्या वेळी बोलले ते अजून तसंच आहे. मास्तर म्हणाले, "असू द्या. तसंच असू द्या." पुढच्या रविवारपासून वर्ग तिचा झाला. पोरं वाट्टेल ते विचारायची आणि ती उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायची. योहानभाऊ गेले तेव्हा तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसणाऱ्यांत मास्तर पहिले होते. वय झालेलं, गुडघे वळत नव्हते, तरी खालीच बसले.

एस्तेरताईच्या मातीला आताच्या तरुण पाळकसाहेबांची पंचाईत झाली. यमीमानं आधीच बजावलं होतं, परीक्षा आणि योजना हे शब्द नकोत. ते म्हणाले, मग बोलू काय? ती म्हणाली, आई काय म्हणायची ते सांगा. त्यांनी सांगितलं, जरा चाचरत, पण सांगितलं.

रविवारी दुपारी मी एस्तेरताईकडं जेवायला जायचे, हे गेली कित्येक वर्षं चालू होतं. चर्चहून येऊन ती स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसायची आणि सकाळचा उपदेश उलटा-सुलटा करून तपासायची. माझी भाजी-भाकरी वेगळी, तिचं मटण वेगळं, वाद एक. ती गेल्यावर दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी पाय आपोआप रिक्षात चढले. यमीमा भाकऱ्या थापत होती. तिनं विचारलं नाही की कशी आलीस, ताट घेतलं. जेवताना बोलणं ईयोबाच्या बायकोवर गेलं. मी म्हटलं, तुझी आई म्हणायची, त्या बाईनं एकदाच तोंड उघडलं आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. मग सगळं सोसून पुन्हा दहा लेकरं वाढवली आणि शेवटपर्यंत गप्प राहिली.

यमीमानं तव्यावरची भाकरी उलटली. "ते मला नाय पटत," ती म्हणाली. "आई तिथं चुकली. ती बाई गप नसणार, मावशी. बोलली असंल लई. लिहिणाऱ्यानं लिहिलं नसंल."

मी म्हटलं, हे तू कशावरून म्हणतेस? तिनं हात धुतले, स्टूल ओढलं आणि सांगायला बसली. जेवणं होऊन ताटं वाळली तरी आमचं मिटलं नव्हतं.