पिल्लाला चावायला काय द्यायचं

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तेव्हाही बसत नव्हता. आई म्हणायची, "ही पोरगी देवळातलं तीर्थसुद्धा हुंगून पिती." म्हणू दे. मोगलाईतला काळ होता तो. चांगलं जनावर कुणाच्या डोळ्यात भरलं की ते आपल्या दावणीला राहील याचा भरवसा नसायचा. लग्न होऊन मी या डोंगराच्या कडेच्या गावात आले, तेव्हा माझं म्हणावं असं एकच होतं, माहेराहून आलेल्या शेळ्या. घर नवऱ्याचं, चूल सासूची, शेळ्या माझ्या.

पहिल्याच हिवाळ्यात लांडग्यानं त्यातल्या दोन नेल्या. राखणीचा म्हातारा कुत्रा त्याच थंडीत गेला. मग माझ्या भावानं लिंबागणेशकडच्या एका धनगराकडून पिल्लू आणून दिलं. काळं कुळकुळीत, जाड पायांचं. "पुढल्या थंडीपतुर ह्याचे दात नीट आले, तर लांडगा इकडं फिरकायचा न्हाई," एवढं सांगून तो गेला. म्हणजे आता सगळं त्या पिल्लाच्या दातांवर आलं. दात धड आले तर शेळ्या राहणार, नाहीतर मी रिकाम्या दाव्यांकडं बघत बसणार.

दुधाचे दात पडून पक्के यायला लागले आणि पिल्लाला चावायचं वेड लागलं. नवऱ्याच्या वहाणेचा अंगठा गेला, सुपाची कड गेली. मोटेचा नाडा कुरतडला, तेव्हा नवरा तडकला. "ह्याला कायतरी दे चावायला, न्हाईतर वडवणीच्या बाजारात कुणालाबी देऊन टाकतो!"

झालं, मग जो तो काहीबाही आणायला लागला आणि मी ते फेकायला लागले. वहाणेचा उरलेला तुकडा हुंगला, तर तेलाचा आणि तरवडाच्या सालीचा भपकारा आला. कातडं कमावताना आणखी काय काय घालतात कोण जाणे! फेकला. रश्श्यात शिजलेलं हाड वरवंट्यानं फोडून पाहिलं, तर त्याच्या सुया झाल्या. हे पोटात रुतलं म्हणजे? फेकलं. शिंगाचा तुकडा आला. त्यात नख रुतवून पाहिलं, रुतेना. जिथं माझं नख हरलं तिथं त्याचा कोवळा दात काय करणार, तोच मोडायचा. अंबाडीची दोरी दिली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मागून धागे लोंबायला लागले. तीही बंद. कडब्याचं ताट तर मी जवळ येऊ दिलं नाही, त्याच्या सालीनं माणसाचं बोट चिरतं.

"अगं, कुत्र्याचं पिल्लू हाय ते, जावई न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या शेळ्यांना त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "लेंड्या तेवढ्या आमच्या वाट्याला," एवढंच काय ते. शेळ्या गेल्या तर ही बाई देवापुढं साखर ठेवील, असं मला मनातून वाटायचं.

त्यांच्यापेक्षा जास्त संशय मला जाऊबाईंचा. चुलत जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. पिल्लानं त्यांच्या कोंबडीची पिसं उपटली होती, तेव्हा कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "बघते मी ह्याच्याकडं." आणि हीच बाई एक दिवस हातात पळसाची मुळी घेऊन माझ्या दारात!

"घे. ठेचली तर चुन्याचा कुंचा हुतो हिचा. चावंल तशी मऊ हुती, पर मोडत न्हाई. लई दिस टिकती."

कोंबडीची मालकीण माझ्या कुत्र्यासाठी रानात जाऊन मुळी खणते? कशापायी? कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. मुळी धुतली, वाकवली, तिला टोचणारी कूस कुठं नव्हती. नख रुतलं. शेवटी एक टोक मीच चावून पाहिलं, सांज होईपर्यंत मला काही होतंय का त्याची वाट पाहिली, आणि मगच पिल्लापुढं टाकली. पिल्लू तिला असं चिकटलं की विचारू नका. दिवसभर पुढच्या पायांत धरून चावत बसायचं, आणि मुळी काही संपायची नाही. वहाणा वाचल्या, नाडा वाचला. सगळं इतकं बरं चाललं की माझा संशय आणखी वाढला.

त्यातच एक सरकारी जमादार घोड्यावरून गावात आला. आमच्या दारापुढं लगाम खेचून म्हणाला, "क्या पिल्ला है!" मी पिल्लू पदराखाली ओढलं आणि म्हटलं, "खरूज हाय त्याला, सरकार." तो हसला आणि पुढं गेला. आत्याबाई उंबऱ्यातून बघत होत्या.

मग एका सकाळी पिल्लानं दुधाला तोंड लावलं नाही. ओठ सुजलेले, आतून फोड, लाळेची धार लागलेली. तोंड मिटता येईना, उघडता येईना, नुसतं कण्हत होतं. माझं डोकंच फिरलं. मुळी उचलली आणि भिंतीपाशी जाऊन ओरडले, "जाऊबाई, भाईर या! काय चोळलंय हिला?"

जाऊबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. मी कोंबडीपासून सगळं काढलं. गल्ली गोळा झाली. त्यांनी मला बोलू दिलं, मग माझ्या हातातली ती लाळेनं भरलेली मुळी ओढून घेतली आणि सरळ तोंडात घातली. कराकरा चावली.

"मेले तर मीच मरंन. बघ हितंच हुभी राहून."

आणि मी बघत उभी राहिले हो! त्यांना काही झालं नाही.

घरी येऊन पिल्लाची लाळ पुसायला बसले. मानेखाली पुसताना बोट कशाला तरी अडकलं. काळ्या केसांत काळा दोरा. दोऱ्याच्या टोकाला अर्धा चावलेला बिब्बा. बिब्ब्याचं तेल! परीट कपड्यावर खूण करतो ते, अंगाला लागलं की कातडी उठते. पुन्हा माझा आवाज चढला. "करणी! माझ्या जनावरावर करणी केली कुणीतरी!"

"करणी न्हाई," मागून आवाज आला. "म्या बांधलाय त्यो."

आत्याबाई दाराला टेकून उभ्या होत्या. तोंड पांढरं पडलेलं.

"त्या जमादाराची नजर लई वाईट पडली त्याच्यावर. बांधल्यालं बोलू नये आसतंय, म्हून बोलले न्हाई. वाढतं लेकरू, गळा आवळंल म्हून दोरा ढिला ठिवला."

ढिला ठेवला म्हणूनच तो तोंडापर्यंत पोचला. आमच्याकडं बिब्बा पाळण्याला बांधतात, वासराच्या गळ्यात बांधतात, चौकटीला टांगतात. दात शिवशिवणाऱ्या पिल्लाच्या गळ्यात तो कधी कुणी बांधला होता! मला राग तर आला होता, पण तो काढायचा कुणावर? भिंतीपलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "मुळी आता माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

आत्याबाईंनी सणासाठी राखलेली खोबऱ्याची वाटी उतरंडीतून काढली. फोडांवर खोबरं चालतं. उरलेल्या चार दातांनी त्या ते चावायच्या आणि बोटानं पिल्लाच्या गालात लावायच्या. दिवसभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी जात्यावर बसले होते, त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "बरा हो रं बाबा. तुझे दात गेले तर पोरीच्या शेळ्या कोन राखंल?"

पोरीच्या शेळ्या म्हणाल्या त्या. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

पिल्लू वाचलं. ओठाच्या एका बाजूला पुन्हा केस आले नाहीत, पण दात आले, पांढरेशुभ्र आणि सगळेच्या सगळे. त्या थंडीत लांडगा खळ्यापर्यंत येऊन गेला म्हणे. माझी एकही शेळी गेली नाही.

पण त्या दुखण्यानंतर कुत्रं कुणाच्या हातचं खाईना. "राखणीला आसंच पायजे," म्हणून लोकांनी वाखाणलं. मीही खूश झाले असते, पण ते माझ्याही हातचं खाईना! ज्याच्यासाठी मी गावाशी भांडले, रानातली मुळी आधी स्वतः चावली, ते माझी भाकरी हुंगायचं आणि मान वळवून आत्याबाईंकडं बघायचं. त्या "खा रं" म्हणाल्या की मग तोंड लावायचं. ज्यांनी तोंड भाजलं त्यांच्यावर एवढा भरवसा! मी कितीदा जळले असेन त्यावरून.

पुढं आत्याबाई वारल्या आणि त्यानं अन्न सोडलं. बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी मी त्यांचं न धुतलेलं लुगडं अंगावर घेतलं, त्यांच्यासारखी वाकून बसले, आवाज बारीक केला आणि भाकरी पुढं धरून म्हटलं, "खा रं."

त्यानं लुगडं हुंगलं. मग मान वर करून बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मी कोण आहे हे त्याला नीट कळलं होतं. तरी खाल्लं.