बोट नंबर दोनचा अँकर

माझं पोस्टिंग आसामात होतं, इंजिनिअर रेजिमेंटमध्ये. मी हुद्द्याने नायक, गाव अंथुर्णे. माझ्या बोटीवरचा सॅपर, म्हणजे साधा जवान, शब्बीर मुलाणी कऱ्हाटीचा. दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो. तिथल्या नदीएवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी अँकर हा शब्द समजावला. मूळ ग्रीक, लॅटिनमधून इंग्रजीत आलेला. मुळाचा अर्थ वाकडा, आकड्यासारखा. आपला अंकुशही त्याच कुळातला. रस्सीखेचीत सर्वांत मागे दोर अंगाला गुंडाळून उभा राहतो, त्यालाही अँकरच म्हणतात. कंपनीत ते काम शब्बीरचं. बोटीच्या अँकरला मराठीत नांगर म्हणतात, हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हंजी दादा, हितंबी नांगरटच व्हय?"

पुराच्या ड्यूटीवर आम्ही सात गावकरी घेऊन परतत होतो. मधोमध इंजिन बंद पडलं. प्रवाहाच्या दिशेने चारशे मीटरवर तुटलेला पूल होता. पाणी खांबांवर आपटत होतं, तो आवाज बोटीत ऐकू येत होता. मी स्टार्टरची दोरी पुन्हा पुन्हा ओढली.

"कंट्रोल, बोट दोन. इंजिन बंद. पुलाकडे वाहतोय. ओव्हर."

"बोट दोन, अँकर टाका. मदत निघाली. आउट."

शब्बीरने अँकर टाकला. दोर इंजिनाच्या पंख्यात अडकू नये म्हणून आम्ही तो नेहमी आखूड बांधत असू. अँकर तळावरून नुसता घसरत राहिला. घाबरलेले गावकरी दोर धरून आत ओढू लागले.

"छोडो!" शब्बीर ओरडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, आखूड साखळीवर फाळ कधी रानात घुसलाय का? दोर सोडतो!"

तो नाकाडावर, बोटीच्या पुढच्या टोकावर, ओणवा झाला. गाठ सोडून दोर हाताहाताने बाहेर देत गेला. टोक पक्कं बांधलं. बोटीला हिसका बसला. लांब दोरावर आडवा पडून अँकरने तळ धरला होता. पूल साठ मीटरवर होता.

शब्बीर उठत असतानाच वाहून आलेलं झाड नाकाडावर आदळलं. तो पाण्यात गेला. मी हाका मारल्या. लाइफ जॅकेटचा नारिंगी रंग पुलाखाली जाताना दिसला, मग दिसला नाही.

दोन दिवसांनी त्याचा देह सापडला. दफन कऱ्हाटीत झालं. त्याच्या अब्बांनी मला बाजूला घेतलं.

"बोटीतली समदी वाचली का?"

"व्हय, अब्बा. साती."

"बायामाणसं हुती?"

"तीन. एक तान्हं लेकरू."

ते मान हलवत राहिले. "बसा. च्या घिऊन जा," म्हणाले आणि स्वतः चहाचं सांगायला आत गेले. चहा आला. अब्बा बाहेर आले नाहीत.