शहापूरचं मशीन मी गप्प केलं

"मिस्त्री, हे मशीन गप्प करा, नाहीतर मला तरी बदली घेऊ द्या!" साहेब ओरडले. ओरडणं भागच होतं. त्यांच्या एका कानाला ठाण्याचा ट्रंक कॉल होता आणि शेजारच्या खोलीत सायक्लोस्टाइल मशीन चालू होतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइल दुरुस्त करत मी कल्याणहून गावोगाव फिरायचो. सायक्लोस्टाइल म्हणजे आजच्या झेरॉक्सचा आजोबा. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, तो शाईच्या ड्रमवर चढवायचा, ड्रम फिरला की एकेक प्रत बाहेर. शहापूरच्या त्या कचेरीतलं मशीन मोटरवर चालणारं, चांगलं पेटाऱ्याएवढं. कचेरी माडीवर, जमीन लाकडी फळ्यांची. मी जिन्याशी पोचलो तेव्हाच ते सुरू झालं होतं आणि रस्त्यापलीकडे चिंचेखाली बसलेल्या माणसांनी माना वर केल्या होत्या. मला वाटलं, त्यांनाही त्रास होत असणार.

आवाज शोधायची आमची रीत सोपी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं. गिअरमधलं ग्रीस वाळलं होतं, ते बदललं. बाजूचा पत्रा थरथरत होता. त्याचे स्क्रू आवळले, आतून घोंगडीचा तुकडा चिकटवला. तरी धडधड होतीच. मग स्टॅण्डच्या पायांखाली गोणपाटाच्या घड्या सारल्या आणि आवाज एकदम निम्म्यावर आला. चोर सापडला. मशीन नव्हतंच तेवढं बोंबलत, खालच्या फळ्या ढोलासारख्या वाजत होत्या.

आग्रा रोडवरच्या गॅरेजमधून ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून आणले. ते पायांखाली बसवत होतो तेव्हा धर्मा जवळ आला. धर्मा कचेरीतला शिपाई, मशीन तोच चालवायचा.

"मिस्त्री, थोडा ऱ्हाऊ द्या आवाज."

"आवाज काय मीठ आहे, चवीपुरता ठेवायला?"

"तसं नाय ओ. कातकरीवाडीवरची माणसं मोळ्या घेऊन चिंचेखाली बसतात. त्यांना वाचता येत नाय. बाजाराच्या दिवशी मशीन वाजलं का त्यांना कळतं, रस्त्याच्या कामाचं पत्रक निघालं. मंग धावत येऊन नाव देतात. यादी भरली का खेळ खलास."

"मग त्यांना इथे अंगणातच बसव ना."

"साहेबांना गर्दी चालत नाय."

"तो तुझा आणि साहेबांचा प्रश्न," मी म्हणालो आणि शेवटचा तुकडा ठोकून बसवला.

मशीन सुरू केलं. नुसती कागदाची सळसळ. साहेबांनी चहाची कपबशी मशीनवर ठेवून बघितली. एक थेंब सांडला नाही. त्यांनी खूश होऊन माझ्या कामाची तारीफ करणारं पत्र दिलं. ते त्याच मशीनच्या कागदावर टाइप केलेलं होतं. मी ते कित्येक दिवस खिशात घेऊन फिरलो, दिसेल त्याला दाखवलं.

पावसाळ्याआधी सर्व्हिसला पुन्हा गेलो. कचेरी उघडायला वेळ होता, म्हणून चिंचेखाली टेकलो. शेजारी लाकडाची मोळी घेऊन एक बाई बसली होती. धर्मा किल्ल्या घेऊन आला आणि तिला बघून थांबला.

"बारके, कवा आलीस वीटभट्टीवरनं?"

"परवा."

"म्हातारी कशी हाय?"

"तिकडंच गेली."

मी विचारलं, कोण गेली? बारकी माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"सासू, दादा. आंथरुणातनं उठत नव्हती. रस्त्याचं काम मिळतं तर घरीच ऱ्हायलो असतो. त्या बाजाराच्या दिशी सकाळपासनं आमी इथं कान लावून बसलो. मशीन वाजलंच नाय. सांजच्याला कळलं, यादी भरली. मंग भट्टीचा ट्रक आला. म्हातारीला उचलून त्यात घातली."

धर्माने माझ्याकडे बघितलं. "मशीन सोडून मला खाली येता येईना," एवढंच तो पुटपुटला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मीही घेतलं नाही. ते मला आजही बोचतं.

बारकीची नजर माझ्या हत्यारांच्या पेटीवर गेली. "तुमी मिस्त्री ना? मंग ते मशीन दुरुस्त करा ना, दादा. वाजंनासं झालंय."

मी वर गेलो आणि साहेबांना म्हटलं, टायरचे तुकडे काढतो. "वेड लागलंय का?" साहेब म्हणाले. खूप घासाघीस केल्यावर त्यांनी माडीच्या कठड्याला लोखंडाचा एक तुकडा टांगू दिला. पत्रक काढण्याआधी धर्माने त्यावर तीन ठोके द्यायचे, असं ठरलं. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. पुढे हयातभर मी आवाज बंद करण्याआधी खाली उतरून विचारायचो, हा कोणाला लागतो का. लोक हसायचे.

त्या दिवशी सर्व्हिसच्या वहीत नेहमीचा रकाना होता, 'मशीनविषयी तक्रार'. साहेबांनी लिहिलं, 'काही नाही'. मी खाली सही केली.