आजोबांची मच्छरदाणी

अनय, इरा,

आजोबांना जाऊन महिना उलटला. तुम्हाला तिकडून येता आलं नाही, आणि परवा फोनवर इराने विचारलं, ‘आजोबा रोज तळ्यावर बसून काय करायचे?’ आधी हसू आलं, आणि आज लिहायलाच बसले. मी शिकले इंग्रजीतून, पण त्यांच्याबद्दल मराठीतच लिहिता येईल. आई वाचून दाखवील.

निवृत्त होऊन आम्ही रेवदंड्याजवळच्या या गावी आलो, तेव्हा आजोबांनी गावच्या तळ्यात रोहूची पिल्लं सोडली. जिऱ्याएवढी होती. वर्षाने जाळं टाकलं तर रोहू एकही नाही, नुसत्या गलेलठ्ठ मरळी, दुसऱ्या माशांची पिल्लं खाणाऱ्या. शेजारची सुमन म्हणाली, ‘काका, मरळींची पंगत बरी बसवलीत.’ गावाचं म्हणणं पडलं, आधी मरळी मारून टाका.

आजोबा मात्र त्या पावसाळ्यात काठावर बसून बघत राहिले. मरळीची लालसर पिल्लं घोळक्याने वर येत, आणि खाली आईबाप राखण करत फिरत. ‘बघ,’ मला म्हणाले, ‘हिची जगतात, कारण हिचं लक्ष आहे. आपण सोडली आणि घरी आलो.’ दुसऱ्याच दिवशी माझी माहेरहून आलेली मच्छरदाणी कपाटातून नाहीशी. तळ्याच्या उथळ कोपऱ्यात बांबू रोवून त्यांनी ती बांधली, लपायला आत नारळाच्या झावळ्या बुडवल्या, नवी पिल्लं त्यात सोडली, आणि ती बोटभर होईपर्यंत रोज पंचा हलवत खंड्या, पाणकावळे हाकलत बसले.

‘आणि मला डास चावले तर?’ मी विचारलं.

‘तू मोठी आहेस, वाचशील.’

त्यानंतर दरवर्षी रोहू मिळाला. मरळीही राहिल्या.

यंदा पिल्लं सोडली आणि आठवड्यातच त्यांना अलिबागला दवाखान्यात न्यावं लागलं. ‘अजून बोटभर झाली नाहीत गं...’ हे त्यांचं शेवटचं नीट बोलणं. मग दिवसकार्य, पाहुणे. तळ्याकडे जायचा धीर तेराव्यानंतर झाला. सगळी खाल्ली गेली असणार, असं धरूनच गेले. तर काठावर सुमन बसलेली, हातात त्यांचाच पंचा.

‘तू इथे कशी गं?’

‘मग काय, काकी. पाणकावळे सुतक पाळतात व्हय?’

मी तिच्याशेजारी बसले. मग रोजच जाऊ लागले.

काल आम्ही दोघींनी बांबूंवरून मच्छरदाणी सोडवली. पिल्लं बोटभर झाली होती. सगळी नाही, पण पुष्कळ जगली आहेत.